कंपायलर मध्येच बंद पडतो? हजार शब्दांच्या मेमरीत तो चालवणाऱ्या ग्रेस हॉपर कोण होत्या, वाचा सविस्तर

धाराशिव : घरातला जुना, दोन जीबी रॅमचा लॅपटॉप. त्यावर मोठा प्रोजेक्ट कंपाईल करायला घेतला की कंपायलर अर्ध्यावरच बंद पडतो. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी मग रात्रभर कोडमधली चूक शोधत बसतात. अनेकदा चूक कोडमध्ये नसतेच, मेमरी संपलेली असते. ही अडचण कंपायलरइतकीच जुनी आहे. तिच्याशी सर्वात आधी झुंजणाऱ्यांपैकी एक होत्या ग्रेस हॉपर.

कोण होत्या ग्रेस हॉपर?

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएचडी मिळवली आणि व्हासार कॉलेजात त्या शिकवत होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात जायचे ठरवले, पण वय जास्त आणि वजन कमी भरले. अखेर सवलत मिळवून १९४३ मध्ये त्या दाखल झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांची नेमणूक हार्वर्डमधील ५१ फूट लांबीच्या मार्क वन या संगणकावर झाली.

कंपायलरची गरज का पडली?

तेव्हा प्रोग्रामर नीट चाललेले कोडचे तुकडे वहीत लिहून ठेवत आणि नव्या कामासाठी हाताने उतरवून घेत. उतरवताना आकडे चुकत, मेमरीतले पत्ते बदलताना बेरीज चुकत. हे काम यंत्रानेच करावे, असे हॉपर यांना वाटले. १९४९ मध्ये त्या युनिव्हॅक संगणक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांचा ए-झिरो कंपायलर तयार झाला. आजच्या भाषेत तो लिंकर-लोडरच्या जवळचा होता. संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम लिहीत नाही, असे तेव्हा अनेकजण मानत. त्यामुळे चालणारा कंपायलर हाती असूनही त्यांना लोकांची समजूत घालत राहावे लागले.

एवढ्याशा मेमरीत तो मावला कसा?

युनिव्हॅकच्या मुख्य मेमरीत फक्त १,००० शब्द मावत आणि प्रत्येक शब्द १२ अक्षरांचा. मोबाइलवर आलेला साधा फोटोही यापेक्षा कितीतरी मोठा असतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅकची मेमरीही २,०४८ शब्दांचीच होती.

हॉपर यांनी तयार तुकडे टेपवर ठेवले आणि लागेल तो तुकडा तेवढा मेमरीत आणला. प्रोग्राम एकाच फेरीत तयार होई. पण पुढच्या, अजून न आलेल्या भागाकडे उडी मारायची असेल तर पत्ता कुठून आणायचा? त्यासाठी त्यांनी मेमरीच्या शेवटी एक कोपरा राखून ठेवला. उडी आधी त्या कोपऱ्यात जाई. तो भाग आला की कोपऱ्यात त्याचा खरा पत्ता भरला जाई. गावी घराला कुलूप असेल तर शेजारी निरोप ठेवतात, तसेच हे. कॉलेजात खेळलेल्या बास्केटबॉलमधल्या पुढे दिलेल्या पासवरून ही युक्ती त्यांना सुचली.

आजच्या लॅपटॉपवर काय करावे?

- एकावेळी एकच फाइल कंपाईल करा, समांतर कामे बंद ठेवा. हॉपर यांचा मार्गही थोडे थोडे आणण्याचाच होता.
- हार्ड डिस्कवर स्वॅपची जागा वाढवा. काम संथ होईल, पण पूर्ण होण्याची शक्यता वाढेल.
- ऑप्टिमायझेशनची पातळी कमी करा आणि फार मोठ्या फाइलचे भाग पाडा.
- कंपायलर कुठे थांबला ते लिहून ठेवा आणि सिस्टिमचा लॉग पाहा. मेमरी संपल्याने काम थांबवले गेले असेल, तर लिनक्सच्या लॉगमध्ये तशी नोंद सापडते.
- तोच कोड दरवेळी वेगळ्या ठिकाणी कोसळत असेल, तर रॅमच खराब असू शकते. मेमरी टेस्ट करून पाहा.

नोंद ठेवण्याची सवय हॉपर यांच्या चमूलाही होती. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू संगणकाच्या रिलेमध्ये दिव्याभोवती घिरट्या घालतो तसला एक पतंग अडकलेला सापडला. तो वेळेसह लॉगबुकात चिकटवला गेला. ते पान आजही जपलेले आहे.

पुढे हॉपर यांच्या फ्लो-मॅटिकमधून कोबॉल भाषेला दिशा मिळाली. १९८६ मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी रिअर ॲडमिरल म्हणून त्या नौदलातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.