गुगल फॉर्म नव्हता, तेव्हा मलिक अंबरनं निजामशाहीचा सर्व्हे कसा केला?

दौलताबाद म्हटलं की पहिलं नाव आठवतं ते मुहम्मद तुघलकाचं. १३२७ च्या सुमारास त्यानं दिल्लीची राजधानी इथं आणली, काही वर्षांत परत नेली आणि मराठीला ‘तुघलकी कारभार’ हा शब्द मिळाला. ज्यांना घरदार सोडून यायचं होतं, त्यांचं म्हणणं काय, हा प्रश्न त्यात कुठंच नव्हता.

त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी याच दौलताबादेतून एका माणसानं नेमका उलटा कारभार केला. आधी माहिती घ्यायची, ती पडताळायची आणि मग दर ठरवायचा. आज छोटा व्यवसाय सुरू करणारे लोक मोबाईलवर ऑनलाईन सर्व्हे फिरवतात, त्यामागचा विचार हाच असतो. त्या माणसाचं नाव मलिक अंबर.

त्याचा जन्म १५४८ च्या आसपास इथिओपियात झाला. लहान वयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. हात बदलत बदलत तो बगदादला पोहोचला. तिथल्या मालकानं त्याला हिशेब आणि कारभार शिकवला असं सांगितलं जातं. पुढं दख्खनेत त्याला विकत घेतलं ते अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं. विशेष म्हणजे हा पेशवाही मूळचा हबशी गुलामच. त्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला, काही काळ विजापूरच्या चाकरीत राहिला आणि १५९५ च्या सुमारास पुन्हा निजामशाहीत आला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटत होतं. अंबरनं मात्र निजामशाही घराण्यातला एक वारस शोधला, त्याला परांड्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं राज्य चालवायला घेतलं. पुढं राजधानी जुन्नरला आणि १६१० च्या सुमारास दौलताबादला आली.

आता अडचण पैशाची होती. समोर अकबर, मग जहांगीर. फौज उभी करायची तर पगार हवा, आणि पगार येणार तो शेतसाऱ्यातून. पण सततच्या लढायांनी गावं ओस पडलेली. सारा वसूल करायचा तो मक्त्यानं. म्हणजे जो जास्त बोली लावेल त्याला गाव द्यायचं आणि त्यानं लोकांकडून ओरबाडून घ्यायचं. शेतात काय पिकतं याच्याशी मक्तेदाराला देणंघेणं नाही. दर झेपला नाही की शेतकरी रातोरात परागंदा. मग ना सारा, ना फौज. दर चुकला असता तर निजामशाही मुघलांची वाट न बघता आतूनच कोसळली असती.

अंबरनं मक्ते बंद केले. मोडकळीला आलेली पाटील-कुलकर्ण्यांची गावव्यवस्था पुन्हा उभी केली, कारण कुणाच्या शिवारात काय उगवतं हे गावालाच ठाऊक असतं. वसुलीचं काम ब्राह्मण कारकुनांकडं आणि त्यांच्यावर देखरेख मुसलमान अंमलदारांची. एकाची माहिती दुसऱ्यानं तपासायची.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. त्यानं रोख दर लगेच जाहीर केला नाही. आधी खळ्यावर प्रत्यक्ष आलेल्या धान्याचा वाटा घेतला, साधारण पाचातले दोन भाग. असे काही हंगाम गेल्यावर कुठली जमीन खरोखर किती देते याचा अंदाज आला. मग तो वाटा रोखीत बदलला, साधारण उत्पन्नाच्या एक तृतीयांश इतका. तोही कायमचा नाही. त्या वर्षी किती जमीन लागवडीखाली आहे ते बघून दरवर्षी आकारणी व्हायची.

थोडक्यात, ‘तुला किती परवडेल?’ असं विचारून तो थांबला नाही. तसं विचारलं असतं तर शेतकरी कमीच सांगणार आणि मक्तेदार जास्तच. त्यानं प्रत्यक्ष व्यवहार बघितला.

ऑनलाईन सर्व्हे करणारे बहुतेक जण इथंच फसतात. समजा, किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळं विकणाऱ्या कुटुंबाला सीताफळ रबडीचे डबे विकायचे आहेत. मुलगी गुगल फॉर्म बनवते आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. प्रश्न असतो, ‘आमची रबडी तुम्ही घ्याल का?’ उत्तर एकच येतं, ‘हो, मस्त!’ आत्या कधी नाही म्हणणार आहे का?

तोच फॉर्म वेगळा करता येतो. स्टॉलवर क्यूआर कोड लावला की उत्तर देणारा माणूस खरा गिऱ्हाईक असतो. प्रश्न ‘घ्याल का’ असा न ठेवता, ‘गेल्या महिन्यात बाहेरचं गोड कधी घेतलं, कुठून घेतलं, किती पैसे दिले’ असा ठेवायचा. लोक पुढं काय करतील याचा अंदाज चुकवतात, मागं काय केलं ते बऱ्यापैकी बरोबर सांगतात. प्रश्न सहा-सातच असावेत, नाहीतर अर्ध्यावर फॉर्म बंद होतो. आणि फॉर्म न भरणारेही गिऱ्हाईकच असतात. सहलीच्या बसमधून उतरलेल्या आजी क्यूआर कोड स्कॅन करणार नाहीत, पण डबा कदाचित त्याच घेतील. त्यांना तोंडीच विचारावं लागतं. शेवटी थोडेच डबे करून ठरवलेल्या किमतीला विकून बघायचे. अंबरचे खळ्यावरचे हंगाम म्हणजे हेच.

नुसता सर्व्हे केला म्हणजे झालं असंही नाही. १८२७-२८ च्या सुमारास पुणे भागात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यानं जमिनीचा फार बारकाईनं सर्व्हे सुरू केला. मोजणी, प्रतवारी, लागवडीचा खर्च, सगळं कागदावर. पण खालच्या लोकांनी लाच घेऊन आकडे बिघडवले, दर जास्त लागले आणि शेतकरी जमिनी सोडून जाऊ लागले. शेवटी १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापूरपासून काम नव्यानं करावं लागलं. कागदावर प्रिंगलची पद्धत अंबरपेक्षा कितीतरी शास्त्रशुद्ध होती. माहिती आणणाऱ्यांवर नजर मात्र राहिली नाही.

सर्व्हेतून काय कळत नाही, हेही अंबरच्याच आयुष्यात दिसतं. १६१० मध्ये त्यानं दौलताबादजवळ खडकी शहर वसवलं, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथं पाण्याची अडचण होती. उत्तरेच्या डोंगराकडचं जमिनीखालचं पाणी नहरीतून, नुसत्या उतारानं शहरात आणायचं त्यानं ठरवलं, तेव्हा दरबारात चेष्टा झाली असं सांगतात. खडकीतल्या लोकांना विचारलं असतं तर त्यांनी जास्त विहिरी मागितल्या असत्या. पाण्याची तहान लोक सांगू शकतात, नहर सुचवायला अंबरच लागतो. ती नहर-ए-अंबरी शहराला पुढं शेकडो वर्षं पाणी देत राहिली.

जहांगीरला मात्र हा माणूस कायम सलत राहिला. अंबरच्या कापलेल्या डोक्यावर आपण बाण मारतोय असं चित्रच त्यानं काढून घेतलं. प्रत्यक्षात ते डोकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही. १६१६ मध्ये मुघलांनी खडकी जाळली, अंबरनं पुन्हा सावरलं. १६२४ मध्ये भातवडीला त्यानं मुघल आणि विजापूरच्या एकत्र फौजेला हरवलं. त्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूनं लढले.

१६२६ मध्ये जवळपास ऐंशीव्या वर्षी तो वारला. त्याची कबर दौलताबादपासून जवळच, खुलताबादला आहे. मुलगा फतेहखान याला राज्य टिकवता आलं नाही आणि १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांकडं गेलं. जमीनमहसुलाची पद्धत मात्र उरली. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी मलिक अंबरचीच पद्धत चालवली, असं ग्रँट डफनं नोंदवलं आहे.