दीड लाख सुनांची सासू

आई गेली १९७४ च्या जूनमध्ये. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मावशी, आत्या, शेजारच्या काकू, कुणी ना कुणी चुलीपुढे असायचंच. मग एकेक करत सगळी आपापल्या घरी गेली आणि चौदाव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मी एकटी उभी राहिले. वय एकोणीस. बाहेरच्या खोलीत वडील आणि दोन धाकटे भाऊ. दहाला सगळ्यांना जेवून बाहेर पडायचं होतं, आणि चौघांना तांदूळ किती घ्यायचे हेच मला ठाऊक नव्हतं!

आईला कधी विचारलं, तर ती अंदाजाने घे म्हणायची. मीठ अंदाजाने, पाणी अंदाजाने, फोडणीचं तेलही अंदाजाने. मी अभ्यास करावा म्हणून तिने मला ओट्यापासून लांबच ठेवलं होतं. तो अंदाज तिच्या हातात होता आणि तिच्याबरोबरच गेला. त्या दिवशी भाताची खीर झाली आणि आमटी इतकी खारट, की धाकट्याने ताट बाजूला सारलं. वडील मात्र एक शब्द न बोलता सगळं जेवले. मला जास्त रडू आलं ते त्यामुळे.

चार दिवसांनी शेजारच्या काकूंनी एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. ‘रुचिरा’. लेखिका, कमलाबाई ओगले.

आज या बाईंविषयी लिहावंसं वाटतं, कारण माझ्यासारख्या कितीजणींना त्यांनी हात धरून ओट्यापाशी उभं केलं याची गणती नाही. कमलाबाईंचा जन्म १९१३ चा, सांगलीजवळच्या कुंडल गावचा. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. लग्न होऊन त्या सांगलीला ओगल्यांच्या घरात आल्या आणि तिथे सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. म्हणजे त्यांचं खरं विद्यापीठ ते स्वयंपाकघर आणि त्यांच्या गुरू त्यांच्या सासूबाई. त्या काळच्या बहुतेक मुलींचं शिक्षण असंच व्हायचं. फरक एवढाच, की कमलाबाईंनी शिकलेलं स्वतःपाशी ठेवलं नाही.

मराठीत पाकशास्त्राची पुस्तकं त्यांच्याआधीही होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० चं, त्यात तर हजार पाकक्रिया. पण ती शेर-तोळ्यांच्या काळातली पुस्तकं. पुढे १९५६ मध्ये वजनमापांचा नवा कायदा झाला आणि काही वर्षांत किराण्याच्या दुकानातून शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. जुन्या बायकांना ग्रॅम समजेना, नव्या मुलींना शेर समजेना. आणि घरात तराजू तरी कितीजणींकडे असणार?

कमलाबाईंनी यावर काढलेला तोडगा इतका साधा होता, की तो आधी कुणाला कसा सुचला नाही याचंच नवल वाटतं. त्यांनी वाटी आणि चमचा हेच माप धरलं. वाटी आणि चमचा नाही असं मराठी घर शोधून सापडायचं नाही. शिवाय वाटी लहान असो की मोठी, एका पदार्थाला शेवटपर्यंत तीच वापरली की प्रमाण बिघडत नाही. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी म्हटलं, की माझ्या वाटीनेही भात होतो आणि तुमच्या वाटीनेही. फार तर माझ्याकडे घासभर जास्त होईल! आईच्या हातातला अंदाज जणू कुणी वाटीत ओतून माझ्यापुढे ठेवला होता.

‘रुचिरा’ १९७० साली किर्लोस्करांनी प्रसिद्ध केलं. यातही एक योगायोग आहे. कुंडलजवळच्या ओसाड माळावर, औंध संस्थानच्या हद्दीत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली ती १९१० मध्ये, म्हणजे कमलाबाईंच्या जन्माआधी तीन वर्षं. त्याच वाडीतून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघालं आणि मराठी बायकांच्या हाती वाचायला काहीतरी आपलं असं आलं. त्या माळाशेजारच्या गावात जन्मलेली, चार यत्ता शिकलेली मुलगी पंचावन्नी ओलांडल्यावर लेखिका झाली, आणि तिचं पुस्तक काढलं ते याच किर्लोस्करांनी.

पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. खप लाखाच्या पुढे गेला आणि लोक कमलाबाईंना दीड लाख सुनांची सासू म्हणू लागले. मला ही पदवी फार समर्पक वाटते. एकत्र कुटुंबं मोडत होती, नोकरीपायी नवी जोडपी दोन खोल्यांच्या जागेत संसार मांडत होती. शिकवायला घरात सासू नव्हती. ती जागा या पुस्तकाने घेतली. आणि ही सासू कधी ओरडत नव्हती, माहेर काढत नव्हती. चुकलं तर पान उलटून पुन्हा वाचायचं, एवढंच!

मी पुस्तक उघडलं ते पुरणपोळीच्या पानावर, हे कबूल करते. पण काकूंनी दटावलं. पहिला महिना फक्त भात, वरण, एक भाजी आणि एक कोशिंबीर. ते हाताला बसलं की पोळ्या. मग आमटी, उसळी. सणाचं त्यानंतर. आजही कुणी नव्याने सुरुवात करत असेल, तर मी हाच क्रम सांगते. रोज चार पदार्थ नीट जमले, की घर बाहेरच्या डब्यावर अवलंबून राहत नाही.

त्या वर्षी दिवाळीत मी चकल्या केल्या. पहिल्या घाण्याच्या तेलात विरघळल्या, दुसरा घाणा जमला. वडिलांनी एक चकली मोडली, आईच्या फोटोपुढे ठेवली, मग स्वतः खाल्ली. बोलले काहीच नाहीत. त्यांनी डबा भरून स्वतःच कपाटात ठेवला.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. भावांच्या हाती ते पुस्तक मी कधीच दिलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. सुनांची सासू, मग मुलांचं काय? हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही. पुढे एका भावाची बायको दोन महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा तो माझ्या दारात डबा घेऊन उभा राहिला. आईच्या चौदाव्या दिवशीची मी मला त्याच्या चेहऱ्यात दिसले.

कमलाबाई १९९९ मध्ये गेल्या. पुस्तक अजून निघतंच आहे. माझी जुनी प्रत मात्र पार खिळखिळी झाली होती, पानांवर हळदीचे डाग, चकलीच्या पानाला तेलाचा वास. गेल्या वर्षी मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायला निघाला, तेव्हा मी त्याला नवी प्रत घेऊन देणार होते. त्याने जुनीच मागितली.

बॅगेत ती ठेवताना मी त्यावर एक वाटी ठेवली. आईची, कडेला किंचित चेपलेली. इतकी वर्षं माझं माप तेच होतं.