कॉर्नेलिया सोराबजी : तीस वर्षांनी हाती आलेली पदवी

परदेशी जाऊन कायद्याचे उच्च शिक्षण घेणे आज आपल्या मुलींनाही शक्य झाले आहे. परंतु ही वाट प्रथम चालणाऱ्या एका नाशिककन्येस तिचे केवढे मोल द्यावे लागले, याचे स्मरण नव्या पिढीने ठेवावयास हवे.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरशेदजी हे पारशी कुळातून ख्रिस्ती झालेले. मातोश्री फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल स्थापन केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. त्यांच्या उज्ज्वल यशामुळे इंग्लंडमधील शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती त्यांनाच मिळावयाची होती. पण केवळ स्त्री म्हणून ती नाकारण्यात आली.

त्या खचल्या नाहीत. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केले. पुढे लेडी हॉबहाउस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल आदी सहृदय मंडळींनी निधीस हातभार लावला आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. बॅलिऑल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांचा त्यांना मोठा आधार लाभला. बी.सी.एल. ही कायद्याची उच्च परीक्षा तोवर एकाही स्त्रीने दिलेली नव्हती. विद्यापीठाने खास ठरावाने अनुमती दिली व १८९२ साली त्या उत्तीर्ण झाल्या. तथापि स्त्रियांना पदवी देण्याची तरतूदच तेथे नव्हती. ती १९२० मध्ये झाली आणि १९२२ साली पदवी त्यांच्या हाती आली. तीस वर्षांची येणे बाकी आम्ही व्यापारी बुडीत खाती टाकतो. या विदुषीने ती वसूल केली.

मायदेशीही तोच अनुभव आला. १८९७ साली मुंबईची एल्‌एल.बी. आणि १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा त्यांनी दिली, तरी सनद मिळेना. त्या काळी पडदानशीन स्त्रियांना परपुरुष वकिलाशी बोलण्याची सोय नव्हती. साहजिकच त्यांची मालमत्ता कारभाऱ्यांच्या मर्जीवर राही. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये नेमणूक झाल्यावर कॉर्नेलियांनी सुमारे दोन दशके अशा सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ बालकांच्या हक्कांचे रक्षण केले. सनद नसतानाही ज्ञान कामी आले, ते असे.

१९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचे द्वार खुले झाले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९२४ साली, त्यांनी कलकत्त्यास वकिली सुरू केली. गांधीजींच्या चळवळीस त्यांचा विरोध होता. ती त्यांची मते अनेकांना पटली नाहीत, आजही पटणार नाहीत. पण म्हणून त्यांच्या कार्याचे मोल उणे होत नाही. १९२९ साली निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या व ६ जुलै १९५४ रोजी तेथेच निवर्तल्या. २०१२ साली लिंकन्स इन या तेथील कायदेसंस्थेत त्यांचा अर्धपुतळा उभारण्यात आला.

शिष्यवृत्तीचा अर्ज हाती घेणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने हे चरित्र आठवावे. गुणवंत मुलीस आज दिलेला नकार भरून काढण्यास तिचे अर्धे आयुष्य खर्ची पडू शकते. आणि वेळीच दिलेला मदतीचा हात शेकडो निराधारांपर्यंत पोहोचतो.