जीनो बार्ताली : चषक, साक्ष आणि आख्यायिका

इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या दक्षिणेस पोंते आ एमा नावाचे लहानसे गाव आहे. जीनो बार्ताली या सायकलपटूचे हे जन्मगाव. त्याच्या नावाचे सायकल-संग्रहालय येथेच उभारण्यात आले. जुन्या सायकली, शर्यतींतील पोशाख, चषक आणि छायाचित्रे यांतून एका खेळाडूचा पराक्रम मांडता येतो. परंतु ज्या कार्यामुळे बार्तालीचे नाव क्रीडाक्षेत्राबाहेर पोहोचले, ते कार्य पुरावा मागे राहू नये अशाच रीतीने करावयाचे होते. त्याच्या चरित्रकारापुढील मुख्य अडचण हीच होय.

बार्तालीचा जन्म 18 जुलै 1914 रोजी एका श्रमिक कुटुंबात झाला. किशोरवयातच तो सायकल-दुरुस्तीच्या दुकानात काम करू लागला आणि तेथूनच शर्यतींकडे वळला. 1936 साली त्याने इटलीची सर्वांत मोठी शर्यत, जिरो, जिंकली. त्याच महिन्यात त्याचा धाकटा भाऊ जुलिओ शर्यतीतील अपघातात मरण पावला. या आघाताने बार्ताली खेळ सोडण्याच्या विचारापर्यंत आला होता. तो सावरला आणि 1937 मध्ये पुन्हा जिरोचा विजेता ठरला. 1938 मध्ये त्याने फ्रान्सची तूर ही शर्यत जिंकली. कॅथलिक धर्मावर त्याची उत्कट श्रद्धा होती. कार्मेल संप्रदायाच्या गृहस्थ शाखेची दीक्षाही त्याने घेतली होती. 1940 साली त्याचा विवाह फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांच्या हस्ते झाला. पुढील घटनांच्या दृष्टीने हा संबंध महत्त्वाचा आहे.

सप्टेंबर 1943 मध्ये जर्मन सैन्याने उत्तर व मध्य इटलीचा ताबा घेतला आणि ज्यूंची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्समध्ये रब्बी नाथन कास्सुतो आणि कार्डिनल दाल्ला कोस्ता यांच्या सहकार्याने ज्यूंना आश्रय देणारी गुप्त यंत्रणा उभी राहिली. सरावाच्या निमित्ताने बार्ताली दीडशे किलोमीटरांहून दूर असलेल्या असिसीपर्यंत जात असे आणि सायकलीच्या पोकळ नळ्यांत बनावट ओळखपत्रांचे कागद लपवून नेत असे, असे सांगितले जाते. एका ज्यू कुटुंबाला त्याने आसरा दिल्याची साक्ष त्या कुटुंबातील मुलाने वृद्धपणी दिली. स्वतः बार्तालीने या विषयाची जाहीर वाच्यता टाळली, असे त्याचे कुटुंबीय सांगत.

युद्ध संपल्यावर त्याने 1946 ची जिरो जिंकली. 1948 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी, तो पुन्हा तूरमध्ये उतरला. 14 जुलै रोजी रोममध्ये साम्यवादी नेते तोल्यात्ती यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि देशभर उद्रेक झाला. त्या वेळी बार्ताली फ्रेंच स्पर्धक बोबे याच्या मागे वीस मिनिटांहून अधिक पडला होता. पुढील तीन टप्पे त्याने लागोपाठ जिंकले आणि अखेर शर्यतही जिंकली. दोन विजयांत दहा वर्षांचे अंतर होते. या विजयाने इटलीतील यादवी टळली, ही समजूत लोकप्रिय असली तरी इतिहासकार ती जशीच्या तशी स्वीकारीत नाहीत. फाउस्तो कोप्पी या तरुण प्रतिस्पर्ध्याशी त्याची स्पर्धा इटलीच्या समाजजीवनातील दुभंगाचे प्रतीक मानली गेली. 1954 मध्ये बार्ताली निवृत्त झाला आणि 5 मे 2000 रोजी त्याचे निधन झाले.

जेरुसलेम येथील यद वाशेम या संस्थेने 2013 साली त्याला ज्यूंच्या रक्षणकर्त्यांत स्थान दिले. 2018 ची जिरो त्याच्या स्मरणासह जेरुसलेमहून सुरू झाली. मात्र मिकेले सार्फात्ती या इतिहासकाराने उपलब्ध पुराव्यांविषयी शंका घेतल्या आणि 2021 मध्ये स्तेफानो व मार्को पिवातो यांच्या ग्रंथाने कागदपत्रे नेल्याची कथा रचलेली असल्याचे प्रतिपादन केले. सायकलीची रिकामी नळी यांपैकी कोणताच पक्ष सिद्ध करीत नाही.

चरित्रवाङ्मयाच्या भारतीय अभ्यासकाला हा पेच अपरिचित नाही. महीपतीने 1762 मध्ये भक्तिविजय पूर्ण केला तो भक्तीसाठी, चिकित्सेसाठी नव्हे. तथापि नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांचा आधार आपण घेतल्याचे त्याने नमूद करून ठेवले. बार्तालीच्या चरित्रकाराकडूनही एवढी अपेक्षा रास्त आहे. शर्यतींचे निकाल नोंदींच्या आधारे, आश्रय दिल्याची गोष्ट साक्षीच्या आधारे आणि नळीतील कागदांची गोष्ट परंपरेच्या आधारे सांगावी, आणि कोणती गोष्ट कोणत्या आधारावर उभी आहे हे वाचकापासून लपवू नये. असे केल्याने बार्तालीचे मोठेपण उणावत नाही. शंकेला जागा ठेवूनही जे शिल्लक उरते, ते आदराला पुरेसे आहे.