बदके मारणाऱ्यांनी राखलेली बदके

अमेरिकेत सोळा वर्षांवरील कोणालाही रानबदकांची शिकार करावयाची असेल, तर राज्याच्या परवान्यासोबत त्याला दरवर्षी संघराज्य सरकारचे एक तिकीट विकत घ्यावे लागते. हे तिकीट पत्राला चालत नाही. कागदी तिकीट असेल, तर त्यावर आडवी सही केल्यावाचून शिकाऱ्याला बंदूक उचलता येत नाही. १९३४ साली त्याची किंमत एक डॉलर होती. आज ती २५ डॉलर आहे. या तिकिटांच्या उत्पन्नातून आजवर ६० लाख एकरांहून अधिक जमीन पाणपक्ष्यांसाठी राखली गेली. मारणाऱ्याच्याच खिशातून राखणदारीचा खर्च काढण्याची ही व्यवस्था रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते जे नॉरवुड डार्लिंग पेशाने व्यंगचित्रकार होते, आणि हाडाचे शिकारीही.

डार्लिंग यांचा जन्म १८७६ साली मिशिगनमधील नॉरवुड येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला, आणि बालपण आयोवातील सू सिटीत, मिसुरी नदीच्या काठी गेले. लहानपणी विणीच्या हंगामात त्यांनी झाडाच्या ढोलीत घरटे करणारे एक बदक मारले आणि त्याबद्दल काकांची चांगलीच बोलणी खाल्ली, असे सांगतात. १९०० साली ते सू सिटीच्या वृत्तपत्रात वार्ताहर म्हणून लागले व पुढे व्यंगचित्रांकडे वळले. १९०६ मध्ये ते 'डी मॉइन रजिस्टर'मध्ये आले. आडनावाचा संक्षेप करून केलेली 'डिंग' ही त्यांची सही देशातल्या शेकडाभर वृत्तपत्रांतून दिसू लागली, आणि १९२४ व १९४३ अशी दोनदा पुलित्झर पारितोषिके त्यांना मिळाली. नद्यांत सोडलेली घाण, वाहून जाणारी माती, निचरा करून आटवलेली तळी हे विषय त्यांच्या चित्रांत राजकारणाच्या बरोबरीने येत.

त्या काळी बदकांची दशा खरोखरच वाईट होती. बाजारासाठी पक्षी मारण्याचा धंदा कायद्याने आवरला गेला होता, पण तोवर बरेच हातचे गेले होते. एके काळी आकाश झाकोळून टाकणाऱ्या प्रवासी पारव्यांपैकी शेवटचा पक्षी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. बदकांवर दुसरेच संकट होते. शेतीसाठी पाणथळी कोरड्या केल्या गेल्या आणि १९३० नंतरच्या अवर्षणाने उरलेली डबकीही सुकवली. जिथे अंडी घालायची तो चिखलच नाहीसा झाल्यावर शिकारीवर नुसती बंदी घालून काय साधणार होते? १९२९ च्या एका कायद्याने अभयारण्यांसाठी जमीन घेण्याची सोय केली होती. परंतु त्यासाठी लागणारा पैसा दरसाल काँग्रेसच्या मर्जीवर अवलंबून होता, आणि मंदीच्या दिवसांत बदकांची आठवण कोणाला राहणार!

१९३४ च्या आरंभी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी या प्रश्नावर तिघांची समिती नेमली. टॉमस बेक, आल्डो लिओपोल्ड आणि डार्लिंग असे ते तिघे. डार्लिंग हे रिपब्लिकन, हूव्हर यांचे स्नेही आणि रूझवेल्ट यांच्या धोरणांचे कठोर टीकाकार. तरीही त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संघराज्याच्या जीवविज्ञान पाहणी विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. व्यंगचित्रांच्या मिळकतीच्या मानाने हा पगार किरकोळच होता. थोड्याच दिवसांत, १६ मार्चला, शिकार-तिकिटाच्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. ही कल्पना मुळात डार्लिंग यांची नव्हे. तशी विधेयके आधीच्या दशकात येऊन पडलेली होती. पण पहिल्या तिकिटावरचे चित्र त्यांचेच आहे. पाण्यावर उतरणाऱ्या मलार्ड जातीच्या नर-मादीचे हे रेखाटन घाईघाईत पुठ्ठ्यावर नमुन्यादाखल केले होते, आणि तेच छापले गेल्याचे पाहून ते स्वतःच चकित झाले, अशी हकीकत आहे. त्या पहिल्या वर्षी ६,३५,००१ तिकिटे खपली.

डार्लिंग यांचे खरे मोठेपण मात्र पुढच्या वर्षात दिसते. ज्यांच्याकडून पैसा घेतला त्यांना खूश ठेवण्याचा मोह कोणत्याही खात्याला होतो. डार्लिंग यांनी उलट केले. १९३५ मध्ये त्यांनी हंगाम तीस दिवसांवर आणला, धान्य टाकून बदके जमवण्यास आणि पाळीव बदकांचे आमिष दाखवून रानबदके खाली उतरवण्यास मनाई केली, आणि एका वेळी बंदुकीत तीनच काडतुसे असावीत असा दंडक घातला. श्रीमंत शिकारी मंडळांना हे रुचले नाही. आपण डॉलर भरला म्हणजे बदक विकत घेतले, अशी त्यांची समजूत असावी. तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण त्यांनी ऐकलेली नसली तरी न्याय तोच होता. हा डॉलर तळ्याचा आहे, चाखण्याचा नाही, हे त्यांना पटवणे एखाद्या बिनशिकारी अधिकाऱ्याला जमले असते असे वाटत नाही. डार्लिंग स्वतः वर्षानुवर्षे भल्या पहाटे चिखलात दबा धरून बसलेले. त्यांना या मंडळींच्या सर्व सबबी आधीपासून पाठ होत्या.

तिकिटांचा पैसा साचेपर्यंत पक्षी वाट पाहणारे नव्हते. म्हणून डार्लिंग बेकारी-निवारणाच्या निधीमागे लागले. अध्यक्ष हसून होकार देत आणि खालचे अधिकारी हात वर करीत, असा हा खेळ काही महिने चालला. अखेर साउथ डाकोटाचे सिनेटर पीटर नॉरबेक धावून आले. सिनेटमध्ये बोलताना त्यांनी दातांची कवळी काढून ठेवली, त्यामुळे मुळातच जड असलेले त्यांचे उच्चार कोणालाच कळले नाहीत आणि ६० लाख डॉलरांची तरतूद बिनविरोध मंजूर झाली, असे सांगतात. कहाणीत तिखटमीठ असेलही. रक्कम मात्र खरी होती. क्लार्क सॅलियर या तरुण सहकाऱ्याने मोटारीने हजारो मैल तुडवून जागा हेरल्या, आणि नॉर्थ डाकोटातील सूरिस नदीकाठच्या दलदली व ओरेगनमधील मालूर सरोवरालगतचे खोरे पक्ष्यांना परत मिळाले. या अभयारण्यांच्या फलकांवर दिसणारा उडता हंस डार्लिंग यांच्याच हातचा.

नोव्हेंबर १९३५ मध्ये, जेमतेम वीस महिन्यांनी, ते पद सोडून आपल्या चित्रफलकाकडे परतले. पण काम सोडले नाही. १९३६ साली वॉशिंग्टनला भरलेल्या वन्यजीव परिषदेतून शिकारी, मासेमार आणि निसर्गप्रेमी यांचा जो महासंघ निघाला त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. पुढल्याच वर्षी पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका व काडतुसांवरील अबकारी कर वन्यजीवांसाठी राज्यांना देण्याची तरतूद त्यात होती. अट एवढीच, की शिकार-परवान्यांचा पैसा राज्यांनी अन्यत्र वळवू नये. रानटर्की आणि शेपटीखाली पांढरे असलेले हरिण पुन्हा सर्वत्र दिसू लागले, त्यात या निधीचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे १९७२ चा कायदा व १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकार जवळजवळ संपूर्ण बंद केली. त्यामुळे हा व्यवहार आपल्याला चमत्कारिक वाटेल, आणि त्यात दोष नाहीत असेही नाही. पैसा देणारा हक्क मागतो. १९४९ मध्ये तिकिटाची किंमत दुप्पट करताना, त्या निधीतून घेतलेल्या अभयारण्यांचा चौथा हिस्सा शिकारीला खुला करण्याची मुभा कायद्याने दिली. तिकिटांच्या पैशातून नोकरशाहीचे पगारही निघत. तो संपूर्णपणे जमिनीसाठीच ठेवण्याचे ठरले ते १९५८ साली. आणखी एक अडचण अलीकडची. १९७०-७१ मध्ये २४ लाखांवर तिकिटे खपली होती. आता सुमारे पंधरा लाख खपतात. काडतुसांचा कर भरणाऱ्यांतही आज शिकार न करणाऱ्यांचाच मोठा भरणा आहे. दुर्बीण घेऊन पक्षी पाहणाऱ्यांची संख्या वाढली, पण त्यांच्यावर असा कोणताही कर नाही.

डार्लिंग यांचे १२ फेब्रुवारी १९६२ रोजी डी मॉइन येथे निधन झाले. मरणोत्तर छापण्यासाठी त्यांनी एक चित्र आधीच काढून ठेवले होते. पसाऱ्याने भरलेली त्यांची खोली आणि टोपी उंचावून दारातून घाईने निघालेली त्यांची धूसर आकृती. 'रजिस्टर'ने ते पहिल्या पानावर छापले. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील सॅनिबेल बेटावर, जिथल्या खारफुटी वाचवण्यासाठी ते झटले, तिथे १९४५ साली स्थापन झालेल्या अभयारण्याला १९६७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. तिथे मोटारीने पक्षी पाहायला जाणाऱ्याला प्रवेशशुल्क पडते. त्या वर्षीचे बदक-तिकीट जवळ असेल, तर पडत नाही.