लिओ फेंडर

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर ऊर्फ लिओ फेंडर (जन्म: १० ऑगस्ट १९०९, मृत्यू: २१ मार्च १९९१) हे अमेरिकन वाद्यनिर्माते, संशोधक व उद्योजक होते. भरीव लाकडाच्या विद्युत गिटारचे कारखान्यात मोठ्या प्रमाणावर उत्पादन करून ती सामान्य वादकाच्या हाती देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. टेलिकास्टर, प्रिसिजन बास आणि स्ट्रॅटोकास्टर ही त्यांच्या कारखान्यातील वाद्ये आजही बहुतांशी मूळ आराखड्यानुसारच तयार होतात. स्वतः फेंडर यांना मात्र गिटार वाजवता येत नव्हती; ती सुरात लावणेही त्यांना जमत नसे.

बालपण व शिक्षण

फेंडर यांचा जन्म अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, अ‍ॅनाहाइम व फुलर्टन या गावांच्या परिसरात झाला. आईवडिलांची तेथे संत्र्यांची बाग होती. आठ वर्षांचे असताना डाव्या डोळ्यात गाठ झाल्याने तो डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवण्यात आला. याच कारणामुळे पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्यभरतीतून वगळण्यात आले. लहानपणी ते पियानो व नंतर सॅक्सोफोन शिकले, पण वादनापेक्षा यंत्रांकडे त्यांचा ओढा अधिक होता. त्यांच्या काकांचे मोटारींच्या विद्युत दुरुस्तीचे दुकान होते. तेथे सुट्या भागांतून जुळवलेला व कर्ण्यातून मोठ्याने वाजणारा रेडिओ त्यांनी किशोरवयात पाहिला, आणि तेव्हापासून रेडिओची खोलजोड हा त्यांचा छंद झाला.

विद्युतशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. फुलर्टनच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते जमाखर्च शिकले आणि सुरुवातीच्या नोकऱ्याही हिशेबनिसाच्याच केल्या. १९३४ साली एस्थर क्लॉस्की यांच्याशी त्यांचा विवाह झाला. महामंदीच्या त्या काळात त्यांची सरकारी महामार्ग विभागातील नोकरी गेली, त्यानंतर धरलेली टायर कंपनीतील नोकरीही टिकली नाही. १९३८ साली ६०० डॉलर कर्ज काढून ते फुलर्टनला परतले व तेथे त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान उघडले.

दुकान ते कारखाना

या दुकानात रेडिओ व ग्रामोफोनबरोबरच स्थानिक वादकांचे बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायरही दुरुस्तीला येत. कोणता भाग वारंवार जळतो, कोणता सांधा सुटतो, कोणत्या जागी हात पोहोचत नाही, हे फेंडर यांना रोजच्या कामातून कळत गेले. त्यांच्या पुढील सर्व वाद्यांवर या दुरुस्तीच्या टेबलाची छाप आहे.

डॉक कॉफमन या वादकमित्राच्या भागीदारीत त्यांनी 'के अँड एफ' नावाने छोटा व्यवसाय सुरू केला. त्यांचा माल म्हणजे लहान अ‍ॅम्प्लिफायर आणि मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवायची हवाईयन धाटणीची विद्युत गिटार. भारतीय श्रोत्यांच्या कानावर विद्युत गिटार प्रथम पडली ती बहुधा याच प्रकारातली. मूळचे लखनौचे व पुढे मुंबईत स्थायिक झालेले व्हॅन शिप्ली यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धुना या पद्धतीच्या गिटारवर वाजवून ध्वनिमुद्रिकांद्वारे घराघरांत पोहोचवल्या.

कॉफमन यांना कर्जाची व जोखमीची भीती वाटत होती, त्यामुळे १९४६ साली ते बाजूला झाले. फेंडर यांनी स्वतःच्या नावाने कंपनी चालू ठेवली. प्रारंभीची काही वर्षे ओढगस्तीची होती. टेलिफोन कंपनीत नोकरी करणाऱ्या एस्थर यांच्या पगाराचा या काळात मोठा आधार होता. १९४८ साली जॉर्ज फुलर्टन कारखान्यात दाखल झाले, तर विक्रीची बाजू डॉन रँडल सांभाळत होते. फेंडर यांच्या नावावर जमा होणारी अनेक कामे या दोघांच्या साहाय्याने झाली आहेत. वाद्यांची प्रसिद्ध नावे तर मुख्यतः रँडल यांच्याच कल्पनेतून आली.

भरीव गिटार

मिरजेच्या तंबोऱ्याला पंढरपूर भागातला मोठा भोपळा लागतो, कारण तारेचा क्षीण नाद त्या पोकळीत घुमून मोठा होतो. लाकडी पोकळ पेटीच्या गिटारचे तत्त्वही हेच. परंतु अशा पोकळ गिटारला विद्युत ध्वनिग्राहक, म्हणजे पिकअप, बसवून आवाज वाढवला की अ‍ॅम्प्लिफायरचा नाद पुन्हा पेटीत शिरून ती थरथरू लागे, आणि लग्नाच्या मांडवातला कर्णा जशी शिट्टी मारतो तशी कर्कश शिट्टी उमटे. मोठ्या नृत्यगृहांत, ढोल व पितळी वाद्यांच्या गजरात वाजवणाऱ्या गिटारवादकांची ही कायमची अडचण होती.

पिकअपला पोकळीची गरज नसते. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत अत्यल्प विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तोच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वाढवला जातो. मग गिटारचे अंग भरीव लाकडाचे असले तरी चालते, किंबहुना तेच बरे, कारण भरीव लाकूड सहजी थरथरत नाही व तारेचा नादही लांबतो. पिकअपची चाचणी घेण्यासाठी फेंडर व कॉफमन यांनी १९४३ च्या सुमारास एक ओबडधोबड भरीव गिटार बनवली होती. आसपासचे कंट्री संगीताचे वादक ती कार्यक्रमासाठी मागून नेऊ लागले. वादकांना काय हवे आहे याचा तो पहिला पुरावा ठरला.

भरीव गिटारची कल्पना एकट्या फेंडर यांची नव्हे, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. रिकनबॅकर कंपनीची भरीव हवाईयन गिटार १९३० च्या दशकाच्या प्रारंभीच आली होती. वादक लेस पॉल यांनी लाकडी ओंडक्याला पिकअप लावून प्रयोग केले होते, आणि पॉल बिग्सबी यांनी १९४८ साली मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी एक देखणी भरीव गिटार घडवून दिली होती. फेंडर यांचे वेगळेपण कारखानदाराचे आहे. त्यांनी असे वाद्य आखले की जे साध्या यंत्रांवर कापता येईल, जुळवता येईल आणि बिघडल्यास सुटे करता येईल.

१९५० साली एका पिकअपची एस्क्वायर व दोन पिकअपची ब्रॉडकास्टर या गिटारी बाजारात आल्या. पारंपरिक गिटारमध्ये दांडी अंगात सरसाने चिकटवलेली असते. ती वाकली किंवा पडदे झिजले की वाद्य कुशल कारागिराकडे पाठवून वाट पाहावी लागे. फेंडर यांनी मेपल लाकडाची दांडी चार स्क्रूंनी अंगाला जोडली. खराब झाली की स्क्रू काढून दुसरी बसवायची, इतकाच मामला. ॲश लाकडाचे सपाट अंग, एका बाजूला ओळीने असलेल्या सहा खुंट्या, तारांची उंची व लांबी जुळवता येईल अशी धातूची घोडी आणि झाकण उघडताच हाती येणाऱ्या वायरी, अशी सगळी रचना होती. प्रस्थापित वाद्यनिर्मात्यांना हे वाद्य म्हणजे सुतारकामाची फळी वाटली.

फेंडर यांचा प्रत्येक निर्णय बरोबर होता असे नाही. मेपलची दांडी इतकी टणक आहे की तिला आतून आधार नको, असे त्यांचे मत होते. दांड्या वाकण्याची शक्यता रँडल यांनी लावून धरली, तेव्हा तिच्यात पोलादी सळई बसवण्यास ते राजी झाले.

ब्रॉडकास्टर हे नाव फार काळ टिकले नाही. ग्रेच कंपनी त्याच उच्चाराच्या नावाने ड्रम विकत होती. तिने १९५१ च्या प्रारंभी हरकत घेतली. फेंडर यांच्या कारखान्यात नावाच्या छापील पट्ट्या शिल्लक होत्या. काटकसरीने त्यांतला तेवढा शब्द कापून उरलेला भाग वापरला गेला. बिननावाच्या या थोड्या गिटारी आज संग्राहक प्रचंड किमतीला घेतात. त्यानंतर दूरचित्रवाणीच्या नव्या आकर्षणाला साजेसे टेलिकास्टर हे नाव ठरले.

त्याच वर्षी आलेल्या प्रिसिजन बासने वाद्यवृंदाचे स्वरूप अधिक मुळातून बदलले. त्यापूर्वी खर्जाचे स्वर देण्यासाठी पुरुषभर उंचीचा उभा डबल बास वापरत. तो वाहून नेणे कठीण, गोंगाटात ऐकू येणे त्याहून कठीण, आणि पडदे नसल्याने स्वर अचूक लागण्यास दीर्घ रियाज हवा. फेंडर यांनी तोच खर्ज गळ्यात अडकवता येणाऱ्या, पडदे असलेल्या भरीव वाद्यात आणला. नावातली अचूकता ही पडद्यांमुळे येणारी अचूकता आहे. महाराष्ट्रात गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रांमध्ये दिसणारी बास गिटार ही याच वाद्याची वंशज होय.

स्ट्रॅटोकास्टर

टेलिकास्टरच्या धारदार कडा बरगड्यांना टोचतात, अशी तक्रार बिल कार्सन आदी वादकांनी केली. फेंडर यांची पद्धतच अशी होती की, नवे वाद्य कार्यक्रम करणाऱ्या वादकाच्या हाती द्यायचे, तो काय म्हणतो ते ऐकायचे आणि परत येऊन टेबलाशी बसायचे. त्यांना वाजवता येत नसल्याने हे ऐकणे त्यांच्या बाबतीत अपरिहार्यच होते. हवाई बेटांवर जन्मलेले निष्णात वादक फ्रेडी टव्हारेस १९५३ साली कारखान्यात आले व नव्या गिटारच्या अंगाचा आराखडा त्यांनी रेखाटला. पोटाशी व हाताखाली लाकूड उतरते कापलेले, वरच्या पडद्यांपर्यंत बोटे पोहोचावीत म्हणून दोन्ही बाजूंना शिंगांसारखे खाचे, असे तिचे रूप ठरले.

घोडीला एक दांडा जोडला होता. तो दाबला की सर्व तारा एकदम सैल होऊन स्वर खाली झुकतो आणि सोडला की मागच्या स्प्रिंगांमुळे मूळ जागी येतो. याची पहिली रचना समाधानकारक न वाटल्याने तयार झालेली सामग्री टाकून देऊन काम नव्याने करण्यात आले. गंमत अशी की, स्वराची उंची हलवणाऱ्या या योजनेला फेंडर यांनी ट्रेमोलो हे नाव दिले, जे वास्तविक आवाजाच्या चढउताराचे आहे. आणि अ‍ॅम्प्लिफायरमधील आवाजाच्या चढउताराला व्हायब्रेटो म्हटले. हा उलटा प्रघात आजतागायत चालू आहे.

स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली बाजारात आली. तिला तीन पिकअप होते. घोडीजवळचा पिकअप तीक्ष्ण, दांडीजवळचा भरदार व मऊ, मधला या दोहोंच्या दरम्यान. त्यांतला एक निवडण्यासाठी तीन स्थानांची कळ दिलेली होती. वादकांना लवकरच आढळले की, कळ दोन स्थानांच्या मध्ये अडकवून ठेवली तर दोन पिकअप एकत्र वाजून एक निराळाच, पोकळ व घंटेसारखा स्वर निघतो. फेंडर यांच्या मनात नसलेला हा स्वर इतका लोकप्रिय झाला की कंपनीने १९७७ साली पाच स्थानांची कळच बसवली. एकाच गिटारवर कंट्री, ब्लूज, रॉक व चित्रपटसंगीत वाजवता येण्याचा तिचा लौकिक या कळीशी बराच निगडित आहे.

पुढील काळात बडी हॉली, इंग्लंडमधील हँक मार्विन आणि सर्वांहून अधिक जिमी हेंड्रिक्स यांच्यामुळे हे वाद्य जगभर पोहोचले. डावखुरे हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवीत. फेंडर यांची स्वतःची आवड कंट्री संगीताची होती. रॉकचा झंझावात त्यांनी मनात धरला नव्हता. त्यांचे अ‍ॅम्प्लिफायरही तितकेच प्रभावी ठरले. इंग्लंडमध्ये जिम मार्शल यांनी आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर फेंडर यांच्या बासमनच्या आराखड्यावरून बेतला.

आजारपण व कंपनीची विक्री

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून फेंडर यांना जंतुसंसर्गाच्या चिवट आजाराने ग्रासले. उपचारांनी गुण येईना. आपण फार काळ जगणार नाही अशी त्यांची धारणा झाली आणि त्यांनी निरवानिरव सुरू केली. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या बलाढ्य प्रसारण संस्थेला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. वाद्यांच्या व्यवसायात तोपर्यंत इतकी रक्कम क्वचितच ऐकिवात होती. कारखाना आणि आराखडे यांबरोबर फेंडर हे नावही विकले गेले.

त्यानंतर काही वर्षांतच दुसऱ्या एका डॉक्टरांच्या प्रतिजैविकांच्या मोठ्या मात्रेने ते पूर्ण बरे झाले. विक्रीनंतर ते २६ वर्षे जगले. परंतु या काळात बनवलेली वाद्ये त्यांना फेंडर या नाममुद्रेखाली विकता आली नाहीत. करारामुळे काही वर्षे स्पर्धक व्यवसाय करण्यासही मनाई होती.

इकडे सीबीएसच्या अमलाखाली उत्पादन वाढले, पण दर्जा घसरल्याची तक्रार वादक करू लागले. १९६५ पूर्वीच्या गिटारी शोधून विकत घेण्याची लाट यातूनच आली. दांडीच्या टोकाशी कामगारांनी पेन्सिलने लिहिलेल्या तारखा व आद्याक्षरे यांवरून त्यांचे वय ठरवले जाते. जुन्या धाटणीचा स्वर ही संकल्पना बाजारात रुजली ती या असंतोषातून; तिच्यात स्मरणरंजनाचाही वाटा आहे, हे नाकारता येत नाही. १९८२ पासून कंपनीनेच १९५० व ६० च्या दशकांतील वाद्यांच्या हुबेहूब आवृत्त्या काढण्यास प्रारंभ केला. १९८५ साली बिल शुल्त्झ यांच्या नेतृत्वाखालील कर्मचाऱ्यांच्या गटाने ती १ कोटी २५ लाख डॉलरना, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या किमतीपेक्षाही कमी रकमेत, सीबीएसकडून विकत घेतली.

उत्तरायुष्य

१९७५ साली फेंडर म्युझिक मॅन कंपनीचे अध्यक्ष झाले. जुने सहकारी फॉरेस्ट व्हाइट तिच्या संस्थापकांपैकी होते. तिची स्टिंगरे बास (१९७६) वाखाणली गेली. भागीदारांशी मतभेद झाल्यावर त्यांनी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह जी अँड एल ही कंपनी काढली. जॉर्ज आणि लिओ या नावांची ती आद्याक्षरे. नव्या कारखान्याचा पत्ता मात्र फुलर्टन शहरातील फेंडर मार्गावरचा होता. १९७९ साली एस्थर यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला.

टेलिकास्टर व स्ट्रॅटोकास्टर यांत राहिलेल्या उणिवा दूर करण्याचे काम ते जी अँड एलमध्ये करत राहिले. अधिक ताकदीचे पिकअप, अधिक स्थिर घोडी आणि सुधारित ट्रेमोलो हे या काळातील त्यांचे संशोधन होय. वादकांनी त्यांच्या जुन्या वाद्यांना दैवत मानले असले, तरी त्यांच्या स्वतःच्या लेखी नवीच अधिक चांगली होती. बाजाराने हे मत फारसे स्वीकारले नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांना कंपवाताने जखडले होते. तरीही ते रोज कारखान्यात येत. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टन येथे त्यांचे निधन झाले. जानेवारी १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा मरणोत्तर समावेश झाला. त्याच वर्षीच्या यादीत जिमी हेंड्रिक्स यांच्या वाद्यवृंदाचेही नाव होते. जी अँड एलच्या कारखान्यातील त्यांचे कामाचे टेबल त्यांच्या निधनानंतर होते तसेच जपून ठेवण्यात आले.