रघूजी भोसल्यांची फिरंग

गेल्या वर्षी आमच्या इतिहास विभागाने शिवजयंतीनिमित्त जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृतींचे एक छोटे प्रदर्शन भरवायचे ठरवले. कोणी ढाल आणणार होते, कोणी पुठ्ठ्याचे चिलखत करणार होते. तलवारीचे काम माझ्याकडे आले. त्याचे कारण उघड होते. पैठण रस्त्यावर चितेगावला माझ्या मामांचे लोखंडकामाचे छोटे वर्कशॉप आहे. चितेगाव हे कारखान्यांचे गाव. तेथे दरवाजे, जाळ्या, शेतीची अवजारे रोजच घडतात. पण तलवार मामांनीही कधी केली नव्हती.

कोणाची तलवार करायची हा पहिला प्रश्न होता. सरांनी नागपूरकर रघूजी भोसले यांचे नाव सुचवले. 2025 च्या एप्रिलमध्ये लंडनला त्यांच्या तलवारीचा लिलाव झाला आणि महाराष्ट्र शासनाने सुमारे 47 लाख रुपये देऊन ती घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. वर्तमानपत्रांतून तिची छायाचित्रे आली होती. ती कापून मी मामांपुढे ठेवली.

पाते सरळ आणि एकधारी, युरोपात घडलेले. मूठ मात्र आपल्याकडची, पंजा झाकणाऱ्या परजेची, सोन्याच्या नक्षीची. अशा विलायती पात्याच्या तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणत. पात्यावर मुठीजवळ देवनागरी अक्षरांत सोन्याने रघूजींचे नाव आणि सेनासाहेब सुभा ही त्यांची पदवी कोरली आहे. ज्याच्या नावाची तलवार करायची तो मनुष्य कोण होता हे आधी कळावे, म्हणून मी ग्रंथालयात जाऊन बसू लागलो.

रघूजी हिंगणीकर भोसल्यांच्या घराण्यातले. जन्म सुमारे 1695 चा. चुलते कान्होजी हे शाहू महाराजांचे वऱ्हाडातील सरदार. त्यांच्याकडे रघूजींची उमेदवारी झाली. पण दोघांचे पटले नाही. थोडे स्वार घेऊन रघूजी बाहेर पडले आणि एलिचपूरचे नबाब, देवगडचे गोंड राजे अशा ठिकाणी चाकरी करीत साताऱ्यास शाहू महाराजांपाशी पोहोचले. पुढे कान्होजींवर महाराजांची मर्जी खपा झाली, तेव्हा त्यांना पकडून आणण्याची कामगिरी नेमकी या पुतण्यावर आली. ती त्यांनी पार पाडली. चुलते साताऱ्यास कैदेत गेले आणि सेनासाहेब सुभा ही पदवी पुतण्याला मिळाली. तलवारीवर सोन्याने कोरलेल्या पदवीमागे घरातला असा कलह आहे, हे वाचून मी जरा थबकलो.

इकडे मामांनी ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद तापवून, ठोकून पहिले पाते तयार केले. 1959 च्या शस्त्र कायद्याचे लचांड मागे नको म्हणून धार लावली नाही, टोकही गोल ठेवले. दिसायला ते हुबेहूब झाले, पण उचलले तर वजन सव्वादोन किलो! चार वेळा फिरवताच माझे मनगट भरून आले. जुन्या लढाऊ तलवारी साधारणपणे एक ते दीड किलोच्या असत. चूक कोठे झाली ते मामांनीच शोधले. आमचे पाते मुठीपासून टोकापर्यंत सारख्याच जाडीचे होते. खरे पाते मुठीशी जाड असते आणि टोकाकडे पातळ होत जाते. शिवाय अंगावर लांब पन्हळ पाडून त्याचे वजन कमी केलेले असते. त्यामुळे तोल मुठीजवळ राहतो आणि हात थकत नाही. दुसरे पाते असे केले, तेव्हा वजन सव्वा किलोवर आले.

हात न थकण्याला केवढी किंमत आहे हे मला रघूजींच्या मोहिमा वाचताना समजले. 1740 साली त्यांनी कर्नाटकात उतरून दामलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नबाब दोस्तअली याचा पराभव केला. नबाब त्याच लढाईत पडला. पुढल्या वर्षी तिरुचिरापल्ली घेऊन चंदासाहेबाला कैद केले. नागपूर ते तिरुचिरापल्ली हे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक आहे! ते घोड्यावरून, कमरेला तलवार लावून कापायचे.

चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर देवगडच्या गोंड गादीवरून भांडणे झाली. त्यांत पडून रघूजींनी नागपुरात पाय रोवले. गोंड राजाला त्यांनी नामधारी ठेवले, कारभार स्वतःकडे घेतला. आजच्या नागपूरच्या वैभवाची सुरुवात तेथून झाली.

नंतर आले बंगालचे प्रकरण. 1742 पासून रघूजींच्या फौजा बंगालवर जाऊ लागल्या. त्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांना 1744 मध्ये नबाब अलिवर्दीखानाने बोलणी करण्यासाठी बोलावले आणि दगा करून सरदारांसह ठार केले. पेशवे आणि रघूजी यांच्यात पूर्वेच्या वसुलीवरून वितुष्ट आले. ते शाहू महाराजांनी 1743 मध्ये मध्यस्थी करून मिटवले होते. अखेर 1751 च्या तहाने ओरिसा रघूजींकडे आला आणि बंगालने दरसाल बारा लाख रुपये चौथाई देण्याचे कबूल केले. महाराष्ट्राचा अंमल कटकपर्यंत पोहोचला. हे सारे मी वर्कशॉपमध्ये मोठ्या अभिमानाने मामांना सांगत होतो.

तेथे पॉलिशचे काम करणारा एक बंगाली कारागीर आहे. आमच्या पात्यावर आरशासारखी चकाकी त्यानेच आणली होती. बंगालचे नाव ऐकून त्याने विचारले, ही तलवार बोर्गींची का? मला शब्द कळेना. त्याने समजावले की, त्याच्या गावाकडे मुले झोपेनात तर आया बोर्गी येतील असे गाण्यातून सांगतात. त्याच्या आजीनेही त्याला तसेच निजवले होते. बोर्गी म्हणजे आपला बारगीर. सरकारी घोडा आणि सरकारी हत्यार घेऊन लढणारा साधा शिपाई. त्या स्वाऱ्यांत गावे लुटली गेली, जाळली गेली, माणसे देशोधडीला लागली. त्या भीतीने कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. तो मराठा खंदक म्हणूनच ओळखला गेला.

एवढे बोलून तो पुन्हा मूठ घासू लागला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण माझे पुढचे बोलणे घशातच राहिले.

14 फेब्रुवारी 1755 रोजी रघूजी नागपूरला वारले. 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई इंग्रजांनी जिंकली. तलवार त्या सुमारास बाहेर गेली असावी, असे मानतात. 1854 मध्ये इंग्रजांनी राज्यच खालसा केले. ज्यांनी दुसऱ्यांची चौथाई वसूल केली त्यांचा खजिनाही शेवटी परक्यांच्या हाती गेला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तलवारीशेजारी ठेवायचा फलक मी लिहायला घेतला. मित्रांचे म्हणणे असे की, विजय तेवढे लिहावेत. जयंतीच्या दिवशी बंगालच्या बायाबापड्यांचे रडगाणे कशाला? मी सरांकडे गेलो. त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि एक शब्दही न खोडता परत दिला. फलकावर कर्नाटकची स्वारी, नागपूर, कटक हे सर्व होतेच. खाली बारगिरांच्या लुटीच्या दोन ओळीही होत्या. काही पाहुण्यांनी त्यावर नाक मुरडले. काहीजण तेथेच उभे राहून बराच वेळ बोलत होते.

मूळ तलवार काचेआड राहणार, ते योग्यच आहे. प्रतिकृती मात्र हातात घेता येते. आमच्या प्रदर्शनात लहान मुलांनी ती उचलून पाहिली, वजन हाताला जाणवताच दचकून मोठ्यांकडे पाहिले. पहिल्या पात्यासारखीच माझी पहिली समजूतही एकाच जाडीची होती. रघूजी मला आजही मोठे वाटतात. परंतु त्यांचे नाव घेताना चितेगावच्या वर्कशॉपमध्ये खाली मान घालून मूठ घासणारा तो कारागीरही मला आठवतो, आणि पुढेही आठवावा असे वाटते.